उलट्या पिळाचे सरगुंडे

अकोला,
मार्गशीर्ष शुद्ध ८, शके १७८६

तीर्थरूप दादांस तारेचा साष्टांग नमस्कार.

येथे सर्व सुखरूप. आईच्या डोळ्यांचे तुम्ही मागच्या पत्रातही काही लिहिले नाही. या वेळी लिहा.

पुढे जे लिहिते ते वाचून तुम्ही रागवाल. रागवा, पण पत्र फाडू नका. शेवटी एक प्रश्न आहे, त्याचे उत्तर मला हवे आहे.

तुमचे मेव्हणे ज्या विलायती कापूस पेढीत दुभाषी आहेत तिथल्या साहेबाने आम्हा दोघांना जेवायला बोलावले. घरी नव्हे, खाणावळीत. मोर्णेच्या काठी, रुईच्या गंजींच्या मागे एका इटाली देशच्या माणसाने ती काढली आहे. त्याचे नाव पिएत्रो. रेल्वेच्या पुलांवर तो गवंडीकाम करत होता, म्हणून गाव त्याला पेत्रूमिस्त्री म्हणते. घरून निघताना आमचे ठरले होते की बसायचे, बोलायचे, फार तर केळे खायचे. इकडून मला बजावणे झाले, "सुधारणा डोळ्यांनी करायची हं, तोंडाने नाही."

बाहेरून पाहाल तर गुरांचा गोठा वाटावा. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, दारात कोंबड्या. आत मात्र सारवण आरशासारखे, चार मेजे, त्यांवर नुकती धुतलेली पांढरी कापडे. मांस आमच्यासमोर येणार नाही हे साहेबाने आधीच सांगून ठेवले होते. मिस्त्रीच्या बायकोने, रोजाबाईने, आधी विस्तवावर भाजलेले वांगे आणून ठेवले, वर तेल, मीठ आणि सब्ज्याचा पाला. आपल्या भरताची सख्खी बहीणच. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मग एक खोल ताट आले. भेदऱ्यांचा (साहेब त्यांना टोमॅटो म्हणतो) लाल रस, लोणी, लसणाचा वास, आणि त्यात सरगुंडे.

दादा, मी खाल्ले. एक घास नाही, ताट पुसून खाल्ले. इतके चांगले अन्न मी माझ्या लग्नातही खाल्ले नाही. भेदरे आपण कोणी चुलीजवळ येऊ देत नाही, आणि ते इतके गोड-आंबट लागते हे मला आजवर ठाऊक नव्हते. साहेब हसला, म्हणाला की मुंबईच्या मोठ्या हॉटेलातही असे मिळत नाही. मिस्त्री सांगत होता की त्याच्या गावीही कणीक अशीच तारेवर गुंडाळून पोकळ नळ्या करतात. तारेवर! आपण काडीवर करतो, एवढाच फरक.

पण मी खाल्ले ते चवीसाठी नाही. पहिला सरगुंडा उचलला तेव्हाच माझे बोट थबकले. पीळ उलटा होता. तुम्हाला आठवत असेल, आई डावखुरी. तिच्या सासूने हात बांधून ठेवला तरी तिचा डावा हात सुटला नाही. लग्नघरी दहा बायकांचे सरगुंडे एकाच सुपात वाळत पडले तरी आई डोळे मिटून आपले वेगळे काढत असे. मला तो पीळ कधी जमला नाही. जमला फक्त आपल्या दुर्गाअक्काला.

आता प्रश्न. तीन वर्षांमागे कौंडण्यपूरच्या जत्रेत अक्का पटकीने गेली, तेव्हा अग्नी तुम्ही स्वतः दिलात ना? तिचे तोंड तुम्ही पाहिले होते ना? एवढेच लिहा.

तुमची तारा


अमरावती,
मार्गशीर्ष वद्य ४

चि. सौ. तारेस आशीर्वाद.

पत्र वाचून अंगावर काटा आला. महादेवराव शहाणे समजत होतो. विलायती पेढीचा पगार घ्यावा, पण आपल्या बायकोला म्लेंच्छाच्या मेजावर नेऊन बसवावे? मी तुला धूळपाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली, त्याचे हे फळ. घरातली पहिली बाई लिहिणारी झाली म्हणून मी चार लोकांत मिरवलो, ते आठवून आज लाज वाटते.

असो. झाले ते कुणाला कळू देऊ नकोस. पंचगव्य घे, एक दिवस उपास कर. इथल्या शास्त्रीबोवांकडून मी सारे नीट करून घेईन. कुंदाचे लग्न फाल्गुनात ठरले आहे. अचलपूरचे व्याही फार कडक आहेत. तिची आत्या कुठे काय जेवली हे त्यांच्या कानी गेले तर अकरा वर्षांच्या पोरीच्या कपाळी काय येईल, याचा विचार कर.

सरगुंड्याचा पीळ उलटा पडतो, सुलटा पडतो. वळणाऱ्या बाईच्या हातावर असते. त्यात एवढे काय?

अक्काचे विचारलेस. तो प्रसंग पुन्हा लिहवत नाही, तरी तुझ्या समाधानासाठी लिहितो. नदीकाठी मी स्वतः अग्नी दिला. मुखात तुळशीपत्र ठेवले, चितेवर चंदनाची ढलपी टाकली. तिच्या चेहऱ्यावर फार शांती होती. रुख्मिणीच्या माहेरच्या गावात तिला मरण आले, याहून विधवेला काय हवे?

आईला आता दिसत नाही. ओसरीवर बसून असते, एकभुक्त राहते. बाकी ठीक.

हरिहर


अकोला,
मार्गशीर्ष वद्य ११

हरिदादा,

लहानपणी मी तुला अरे-तुरे करत असे. लग्न झाल्यावर आईने ते सोडायला लावले. आज पुन्हा धरते, कारण तुम्ही म्हणावे असे काही उरले नाही.

पटकीच्या जत्रेत चंदन कुठे मिळाले रे तुला? लोक गाड्या जुंपून पळत होते, प्रेते वाळूत पडली होती, आणि तू चंदन शोधत होतास? वकील आहेस, खोटे बोलायचे तर वकिलासारखे तरी बोलायचे.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. तुला खरे सांगायची एक संधी द्यावी असे वाटले. ती तू घालवलीस. ऐक तर.

ताट संपले तशी मी उठले आणि स्वयंपाकघराचा पडदा बाजूला सारला. अक्का पाटावर बसून डाव्या हाताने काडी फिरवत होती. डोक्यावर केस आले आहेत. काळेभोर केस, दादा. मी दहा वर्षांची असताना तिचे केशवपन झाले, त्यानंतर तिला कधी केसांत पाहिले नव्हते. तिने वर पाहिले, हातातली काडी खाली ठेवली नाही.

"कायले आलीस वं, तारे?"

माझ्या तोंडून निघाले, "अक्का, तू तर मेलीस ना?"

"मेली ना. तुमी तेरावं जेवले, मले ठाऊक आहे. बुंदी केली होती का लाडू?"

मी रडायला लागले तशी म्हणाली, "डोळे पूस. कणकीत पडते."

मग तिने सांगितले. उलट्या सुरू झाल्या, तू तिला नदीकाठच्या बाभळीखाली निजवलेस, लोटीभर पाणी उशाशी ठेवलेस आणि गाडीत बसलास. पुलाच्या कामावरची ही मिस्त्रीची बायको पाणी न्यायला आली, तिने उचलले. "आपली पोर उचलते तशी उचललं तिनं मले. माह्या अंगाचा वास येऊन राहिला होता, तरी." भाताची पेज, मीठ, पुन्हा पेज. अक्का जगली.

आणि तू परत आला होतास. हे तिने सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. "दादा आला होता वं. मी झाडाखाली बसून पेज पिऊन राहिली होती. वाटी रोजाबाईच्या हाती होती. त्यानं लांबून पाह्यलं. मी हाक मारली. तो वळला आन् गेला."

तू वळलास. घरी येऊन पिंड पाडलेस. दर वर्षी श्राद्ध करतोस, ब्राह्मण जेवू घालतोस, आणि आईला दर वर्षी त्या पिंडाला नमस्कार करायला लावतोस. जिवंत लेकीच्या पिंडाला! आईने तेव्हापासून एकदाही सरगुंडे केले नाहीत, ते काय डोळे गेले म्हणून?

मी दुसरे काही मागत नाही. आईला सांग. अक्का जिवंत आहे, एवढेच सांग. कुंदाच्या लग्नाआधी, तुझ्या तोंडाने.

तारा


अमरावती,
पौष शुद्ध ६

तारेस,

तू तिथे नव्हतीस. घरी बसून न्याय करणे सोपे आहे, वाळूत माणसे मरत असताना उभे राहणे सोपे नाही. शेजारच्या गाडीतली तिन्ही माणसे सकाळपासून दुपारपर्यंत गेली. गाडीवान म्हणाला, मालक, बसता का जाऊ? अक्काचे डोळे फिरले होते, नाडी लागत नव्हती. घरी तुझी वहिनी बाळंत झालेली. मी बसलो. होय, बसलो.

बाकी काही नसले तरी मी परत गेलो, एवढे तरी माझ्या पदरी आहे. हाडे तरी गोळा करावी म्हणून गेलो. आणि काय पाहिले? म्लेंच्छ बाईच्या वाटीला ओठ लावलेली बहीण. तिला घरी आणली असती तर कुणी आमच्या विहिरीवर आले असते? कुंदाला कुणी केली असती? शास्त्रीबोवांना मी नाव न घेता विचारले होते. ते म्हणाले, इतके दिवस त्यांच्या हातचे खाल्ले, तिला प्रायश्चित्त नाही. मग मी काय करायचे होते? एकीला मेलेली म्हणायचे की सगळ्या घराला मारायचे?

तुला वाटते मला झोप लागते.

आईला सांगणार नाही. तिला सांगितले तर ती मरेल, आणि नाही मेली तर त्याहून वाईट होईल. तूही सांगायचे नाहीस. पत्र लिहिलेस तरी इथे ते वाचून दाखवणारा मीच आहे, हे लक्षात ठेव. अक्काला लुगडी हवी असतील तर कळव. महादेवरावांना नमस्कार.

हरिहर


अकोला,
पौष शुद्ध १२

हरिदादा,

लुगडी नकोत. तिला रोजाबाईने दिली आहेत.

पेढीवरच्या साहेबांशी तू कोर्टाबाहेर हात मिळवतोस, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या कापसाचे खटले चालवून तू माडी चढवलीस. तेव्हा शास्त्रीबोवा कुठे असतात? ज्या हाताने तू साहेबाचा हात धरतोस त्याला विटाळ नाही, आणि मरणाऱ्या बाईच्या तोंडाशी पेज धरणाऱ्या हाताला आहे! हे शास्त्र मला तू धूळपाटीवर शिकवले नव्हतेस.

तुला भीती वाटली, तू पळालास, हे मी एक वेळ समजू शकते. मीही पळाले असते कदाचित. पण तिने हाक मारल्यावर वळलास, हे मला समजत नाही, आणि समजून घ्यायचेही नाही.

आईला पत्र वाचून दाखवणारा तूच आहेस, हे खरे. मी तिला पत्र लिहिणार नाही.

तारा


अमरावती,
माघ शुद्ध ३

तारे,

झाले तुझ्या मनासारखे? ये आणि पाहून जा. उजाड झालेले घर पाहून जा.

परवा अचलपूरची माणसे याद्या करायला आली होती. ओसरीवर व्याही, त्यांचे दोघे भाऊ, शास्त्रीबोवा, सगळे बसलेले. तेवढ्यात तुमच्या पेढीवर कापूस घालून परतलेले वलगावचे खुशालराव पाटील अंगणात येऊन उभे. मी म्हटले, पाटील, बसा. ते म्हणाले, "तुमच्याकडे नाही आलो, वकीलसाहेब. मायबाईकडे आलो. तारीबाईनं सांगितलं, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नाही." आणि कापडात बांधलेली टोपली आईच्या मांडीवर ठेवली.

मला वाटले तिळगूळ असेल. मी उठेपर्यंत आईने गाठ सोडली होती. एक सरगुंडा उचलला. बोटांत फिरवला. दुसरा उचलला. मग टोपलीत हात घालून ती नुसती चाचपत राहिली. व्याही हसून म्हणाले, "व्याह्यांच्या मातोश्री लग्नाच्या तयारीला लागल्या!"

आई म्हणाली, "हरी, हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "तारेने पाठवले आहेत, आई."

"तारीचा पीळ सुलटा."

"शिकली असेल."

"हरी," ती म्हणाली, "माह्या डोळ्याले दिसत नाही. माह्या बोटाले दिसते. मी केले नाहीत. मंग कोणी केले?"

मी टोपली उचलायला वाकलो. ती खुशालरावांकडे वळली. त्या माणसाने मान खाली घालून सांगितले, "दुर्गाबाईनं, मायबाई. अकोल्यात आहे. पेत्रूमिस्त्रीच्या घरी. मी पाह्यली, चांगली आहे."

तू म्हणशील, आई रडली असेल. नाही रडली. तिने तुझ्या वहिनीला हाक मारली आणि म्हणाली, आधण ठेव. शास्त्रीबोवा उठून म्हणाले, "आजीबाई, ते दुधा-तुपात नव्हे, पाण्यात मळलेले आहे, म्लेंच्छाच्या घरचे आहे. तोंडाला लावाल तर सुटका नाही." आई म्हणाली, "ठाऊक आहे, बोवा. म्हणूनच खाईन." सगळ्यांसमोर, ओसरीवर, दूध-गुळात कालवून तिने वाटीभर खाल्ले. तीन वर्षे एकभुक्त असलेली बाई, सायंकाळी, दुसऱ्यांदा जेवली. वाटी खाली ठेवून म्हणाली, "आता मी बी तिच्याच पंगतीची. कोणाले उठायचं त्यानं उठावं."

व्याही उठले. याद्या तशाच राहिल्या. पुढे काय, कळवतो म्हणाले.

काल पहाटे आई खुशालरावांच्या गाडीत बसून निघाली. मी गाडीसमोर आडवा उभा राहिलो. तिने विचारले, "कोण हाय?" मी म्हटले, मी हरी. ती म्हणाली, "बाजूले हो. तुले वळता येते ना?"

कुंदा काही समजत नसताना रडते आहे. तिच्या अश्रूंचे तू काय करणार?

हरिहर


अकोला,
माघ शुद्ध १०

हरिदादा,

आई पोचली. हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहिते आहे. मला स्वतःहून लिहायची इच्छा नव्हती.

गाडी थेट खाणावळीच्या दारात थांबली. अक्का पडद्याआड लपली, बाहेर येईना. रोजाबाईने तिला दंडाला धरून आणली. आईने हात पुढे केले, तिचा चेहरा चाचपला, केस चाचपले, आणि मग फाडकन तोंडात मारली. आम्ही सगळे दचकलो. मिस्त्रीच्या हातातली पळी खाली पडली.

"तीन वर्सं! एक निरोप धाडता आला नाही तुले?"

"मेल्या माणसानं निरोप कसा धाडावा, माय?"

"मेली म्हणते! कोणाच्या म्हणण्यानं मेलीस? हरीच्या? म्या जन्म देल्ला का हरीनं?" आणि मग तिला घट्ट धरून बसली. त्यानंतर दोघी रडल्या की नाही ते मी पाहिले नाही, कारण मीच रडत होते. मिस्त्रीने कोपऱ्यातले एक मेज साहेबांना न देता राखून ठेवले होते. त्याच्यावर आई जेवायला बसली. भेदऱ्याचा रस चाखून म्हणाली, "आंबट आहे. गूळ नाही का यांच्या देशात?" रोजाबाईने गूळ आणून दिला, आणि आता ती स्वतःही चिमूटभर घालते.

तू विचारलेस, कुंदाच्या अश्रूंचे मी काय करणार. मी त्याचा विचार केला आहे. माझ्यामुळे तिला त्रास झाला, हे मी नाकारत नाही. पण जी माणसे एका आजीने वाटीभर सरगुंडे खाल्ले म्हणून उठून जातात, त्यांच्या घरी ती नांदायला गेली असती आणि उद्या तिच्या वाट्याला अक्काचे दिवस आले असते, तर त्यांनीही तिला बाभळीखाली ठेवून गाडी हाकली असती. तेव्हा तिचे अश्रू कुणी पुसले असते? तू? तिला इकडे पाठव. मी तिला अक्षरे शिकवते. इकडून होकार आहे.

इकडे आमच्या दारावरून लोक वळून जातात. भटजींनी येणे बंद केले. पाणक्याने पाणी बंद केले. आता मिस्त्रीच्या आडावरून आणतो. इकडून म्हणणे झाले की सुधारणा शेवटी तोंडानेच करावी लागली. मला हे सारे सोपे जात नाही. पण मला भीती वाटत नाही, राग येतो, आणि रागाने माणूस उभा राहतो, असे मला या महिन्यात कळले.

आता आईचा निरोप. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, मी त्यात काही घातलेले नाही.

"हरीले लिव्ह. कार्तिकात श्राद्ध घालायचं नाही. घातलं तर मी येऊन पिंड उचलीन. लिव्ह, मी त्याच्यावर रागावली आहे, आन् हा राग मी मरेपर्यंत जाणार नाही, त्यानं वाट पाहू नये. कुंदीचं लगन कोठंबी होवो, तिचे सरगुंडे आमी दोघी इथं करून राहिलो. उलट्या पिळाचे. ते नेयाले माणूस धाडायचा नाही. त्यानं स्वतः यावं. पानावर बसावं. दुर्गी वाढीन. आन् लिव्ह तारे, नीट लिव्ह. या वेळेस दारापर्यंत येऊन लांबून पाह्यचं आन् वळायचं नाही. मले दिसत नसलं तरी मले समजीन."

तारा